कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी काढलेला संघ

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, मॅरियन शहराच्या पश्चिमेला, लारू नावाचं एक लहानसं गाव आहे. १९२२ साली त्याची वस्ती हजाराच्याही आत होती. गावात फुटबॉलचं धड मैदान नव्हतं. तरीही १९२२ आणि १९२३ असे दोन हंगाम या गावाचा संघ नॅशनल फुटबॉल लीगमध्ये खेळला. आज जिच्या एकेका संघाची किंमत अब्जावधी डॉलरांत होते, तीच ही लीग. तिच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात इतक्या छोट्या गावाला संघ मिळाल्याचं दुसरं उदाहरण नाही. संघाचं नाव ऊरँग इंडियन्स. खेळाडू सगळेच्या सगळे अमेरिकेचे मूलनिवासी: चिपेवा, चेरोकी, मोहॉक, सॅक अँड फॉक्स, मिशन अशा निरनिराळ्या जमातींचे. प्रशिक्षक आणि मुख्य आकर्षण जिम थॉर्प. दोन हंगामांत लीगचे वीस सामने झाले. चार जिंकले, सोळा हरले. आणि हा संघ काढला होता कशासाठी, तर कुत्री विकण्यासाठी.

हे शेवटचं वाक्य ऐकलं की कोणालाही हसू येतं. अमेरिकेतल्या क्रीडा-इतिहासांतही हा संघ बहुतेक वेळा हसण्यासाठीच येतो. पानाच्या कोपऱ्यात एक चौकट, तिच्यात पिसांचे मुकुट घातलेल्या खेळाडूंचं छायाचित्र आणि खाली चार-सोळाचा तो आकडा. आकडा खरा आहे. पण तो वाचण्याआधी या माणसांना पगार कशाचा मिळत होता ते विचारायला हवं, आणि तेच सहसा कोणी विचारत नाही. त्यांना पगार मिळत होता तो लोक जमवण्याचा. ते काम त्यांनी, निदान पहिलं वर्षभर, चोख केलं. सामने जिंकले तर मालकाला आनंदच होता, पण त्यासाठी त्याने संघ काढलेला नव्हता. हे ध्यानात ठेवून ऊरँग इंडियन्सचा इतिहास वाचला की तो बराच वेगळा दिसायला लागतो. हे पुस्तक लिहिण्यामागे एवढाच हेतू आहे.

मालकाचं नाव वॉल्टर लिंगो. लारूमध्ये त्याचं ऊरँग केनेल्स नावाचं कुत्र्यांचं पैदास-केंद्र होतं आणि त्यात एअरडेल टेरियर या एकाच जातीवर त्याचा सगळा जीव होता. एअरडेल मूळचा इंग्लंडमधला, यॉर्कशरच्या एअर नदीच्या खोऱ्यातला. टेरियर जातींत सगळ्यांत मोठा, राठ कुरळ्या केसांचा, पाठ काळी आणि पाय-डोकं तांबूस. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने निरोप पोचवण्यासाठी याच कुत्र्यांचा वापर केला होता. लिंगोने शिकारीला, राखणीला, गुरांमागे असं कुठेही चालेल असं कुत्रं तयार करायचं मनावर घेतलं, त्याला ‘किंग ऊरँग’ असं भारदस्त नाव दिलं आणि मासिकांत जाहिराती देऊन टपालाने मागण्या घ्यायला सुरुवात केली. नगाची किंमत दीडशे डॉलरच्या घरात. कुत्री पिंजऱ्यात घालून रेल्वेने देशभर रवाना व्हायची.

त्याचं नशीबही जोरावर होतं. शेजारच्या मॅरियनचा वृत्तपत्रमालक वॉरन हार्डिंग १९२१ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याने व्हाइट हाउसमध्ये पाळला तो एअरडेलच. ‘लॅडी बॉय’ नावाचा हा कुत्रा वर्तमानपत्रांचा इतका लाडका झाला, की त्याच्या नावाने मुलाखती छापून यायच्या. तो काही लिंगोच्या केंद्रातला नव्हता. पण जातीचा गाजावाजा होतो तेव्हा तिच्या सगळ्यांत मोठ्या विक्रेत्याला आपला वाटा आपोआप मिळतो. तरी लिंगोचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. छापील जाहिरातीत कुत्रं बसलेलं दिसतं. त्याला ते धावताना, माग काढताना, झाडावर चढलेल्या अस्वलाला अडवून धरताना दाखवायचं होतं, आणि तेही हजारो लोकांसमोर.

शिकारीच्या निमित्ताने जिम थॉर्प आणि त्याचा जुना सहकारी पीट कॅलॅक यांच्याशी लिंगोची ओळख वाढली आणि त्यातून ही कल्पना निघाली. संघ विकत घ्यायचा, तो गावोगाव फिरवायचा, आणि मध्यंतरात कुत्र्यांचे खेळ करायचे. लीगमध्ये जागा मिळण्याची फी त्या वेळी शंभर डॉलर होती. म्हणजे लिंगोला व्यावसायिक फुटबॉलचा संघ पडला तो त्याच्याच एका कुत्र्यापेक्षा स्वस्त.

हे आज अचाट वाटतं, कारण आपण आजची लीग डोळ्यांसमोर ठेवतो. १९२० साली ही संस्था जन्मली ती कँटन शहरातल्या एका मोटारविक्रीच्या दुकानात. तिला नॅशनल फुटबॉल लीग हे नाव मिळालं १९२२ मध्ये, म्हणजे ऊरँगच्या पहिल्याच वर्षी. त्या वर्षी अठरा संघ होते. रसीन, हॅमंड, रॉक आयलंड, एव्हन्सव्हिल ही त्यांतली काही गावं. आजच्या अमेरिकन प्रेक्षकालाही ती नकाशात शोधावी लागतील. कंपनीच्या पैशांवर संघ चालवणं यातही नवल नव्हतं. ग्रीन बेचा संघ मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीच्या मदतीने उभा राहिला, शिकागो बेअर्स हा मुळात डिकेटर गावातल्या स्टार्चच्या कारखान्याचा संघ, आणि कोलंबसच्या संघात रेल्वेच्या कारखान्यातले कामगार खेळायचे. लिंगोने त्यात भर घातली ती एवढीच, की त्याने आपला मालच मैदानात आणला.

खेळाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा गोल चेंडू समोर येतो. हा खेळ निराळा. चेंडू लंबगोल, तो काखेत मारून समोरच्या रेषेपलीकडे न्यायचा, आणि नेणाऱ्याला इतरांनी अंगावर झेपावून जमिनीवर पाडायचं. आज आक्रमणाचे खेळाडू वेगळे आणि बचावाचे वेगळे असतात. त्या काळी तेच अकराजण दोन्ही करायचे, बदली खेळाडू मोजके असायचे, डोक्याला चामड्याची टोपी घातली तर घातली. साठ मिनिटं अशी मारामारी करायची, तर मधली विश्रांती ही चैन नव्हती, ती गरज होती. ही विश्रांती लक्षात ठेवा; ऊरँगच्या सगळ्या कहाणीचं मर्म तिच्यात आहे.

जिम थॉर्पची ओळख करून द्यायची तर पुस्तक त्याच्यावरच लिहावं लागेल, आणि तशी पुस्तकं अमेरिकेत आहेतही. इथे आवश्यक तेवढंच सांगतो. जन्म १८८७ च्या सुमाराचा, आज ओक्लाहोमा म्हणतात त्या प्रदेशातला, सॅक अँड फॉक्स जमातीतला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक. पुढच्याच वर्षी ही पदकं काढून घेतली गेली, कारण त्याने आधी दोन उन्हाळे नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. असे पैसे घेऊन, पण खोट्या नावाने, खेळणारे महाविद्यालयीन विद्यार्थी त्या काळी पुष्कळ होते. थॉर्पने स्वतःचं नाव लपवलं नाही, म्हणून तो सापडला. पदकं परत मिळायला १९८२ उजाडलं, तेही संयुक्त विजेता म्हणून, आणि एकट्याचं नाव लागायला २०२२. तो १९५३ मध्येच वारला होता. १९२० साली लीग स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष म्हणून थॉर्पलाच निवडलं होतं. कारभार चालवायचा म्हणून नव्हे. त्याचं नाव कागदावर असलं की वर्तमानपत्रं दखल घेत. लिंगोकडे तो आला तेव्हा पस्तिशीला पोचला होता. आठवड्याला पाचशे डॉलर ठरल्याचं सांगतात. त्यात संघाबरोबर केनेलची देखभालही आली.

थॉर्पने माणसं गोळा केली ती मुख्यतः आपल्या जुन्या शाळेतली, आणि इथे या इतिहासाचा दुसरा धागा लागतो. पेनसिल्व्हेनियातली कार्लाईल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने काढली. मूलनिवासी मुलांना घरापासून शेकडो मैल दूर आणायचं, त्यांचे केस कापायचे, नावं बदलायची, त्यांची भाषा बोलू द्यायची नाही आणि त्यांना गोऱ्यांसारखं करून सोडायचं, असा तिचा जाहीर कार्यक्रम होता. या शाळेने किती आयुष्यं उद्ध्वस्त केली याचा हिशेब अमेरिका अजून पुरा करू शकलेली नाही. पण त्याच शाळेत फुटबॉल आला, आणि तिथल्या सडपातळ, चपळ मुलांनी या धसमुसळ्या खेळात डोकं घातलं. १९११ मध्ये कार्लाईलने हार्वर्डला १८–१५ असं हरवलं. त्या दिवशी थॉर्पने चार वेळा चेंडू गोलच्या खांबांमधून मारला होता. १९१२ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला २७–६ असं लोळवलं. हरलेल्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा कॅडेट होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. १९१८ मध्ये कार्लाईल बंद पडलं आणि ही सगळी मंडळी पांगली. कोणी शेती करत होतं, कोणी मजुरी, कोणी मिळेल त्या संघातून रविवारपुरतं खेळत होतं.

थॉर्पचा निरोप गेला आणि त्यांतले बरेचजण लारूला आले. कॅलॅक आला, चिपेवा जमातीचा जो गायन आला, १९१४ मध्ये कार्लाईलचं कर्णधारपद भूषवलेला एल्मर बुश आला. कॅन्ससमधल्या हॅस्केल या तशाच शाळेचेही काहीजण होते. कित्येकांची तिशी उलटलेली. म्हणजे लिंगोच्या पैशांवर झालं होतं ते एका बंद पडलेल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं संमेलन. मला या संघाविषयी जिव्हाळा वाटू लागला तो ही गोष्ट कळल्यावर. ज्या शाळेने यांना आपल्या माणसांपासून तोडलं तिच्यातच यांना एकमेकांची सोबत मिळाली होती, आणि ती सोबत पुन्हा मिळावी म्हणून ते कुत्र्यांच्या पिंजऱ्यांशेजारी राहायलाही तयार होते.

लारूतला आठवडा सरावाचा असे, पण फुटबॉलच्या सरावापेक्षा मध्यंतराच्या कार्यक्रमाची तयारी अधिक. कुत्र्यांना शिकवायचं, त्यांना पळवायचं, त्यांच्याबरोबर रानात जायचं. मग रविवारी सामना. लीगच्या वीस सामन्यांपैकी घरचा म्हणावा असा एकच झाला, तोही मॅरियनमध्ये, कोलंबसविरुद्ध. बाकी सगळा मुक्काम परगावी. तमाशाचा फड जसा कनातीसकट या जत्रेतून त्या जत्रेत जातो, तसा हा संघ कुत्र्यांसकट या शहरातून त्या शहरात जात होता.

मध्यंतर झालं की विरुद्ध संघ घोंगड्या पांघरून बसायचा आणि ऊरँगचे खेळाडू मैदानात परत यायचे. काहीजण पारंपरिक वेशात नाचत. कोणी कुऱ्हाडी आणि सुरे फेकून नेम दाखवी, कोणी दोराच्या फासाची करामत करी. बंदुकीने उडवलेली निशाणं कुत्री धावत जाऊन आणत. साखळीवरचं जिवंत अस्वल झाडावर किंवा खांबावर चढवून एअरडेल त्याला खाली उतरू देत नसत. निक लॅसॉ हा खेळाडू कधी कधी त्या अस्वलाशी कुस्तीही धरी. जाहिरातीत त्याचं नाव ‘लाँग टाइम स्लीप’ असं असे. एक नाट्यप्रवेश तर महायुद्धाचा होता: जर्मनांशी लढणारे मूलनिवासी टेहळे, आणि जखमींपर्यंत औषधाची पिशवी घेऊन जाणारी रेडक्रॉसची कुत्री. खरं सांगायचं तर या लोकांना युद्धाचा अभिनय करायची गरज नव्हती. दहा हजारांहून अधिक मूलनिवासी त्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढले होते, आणि संघातला कॅलॅक स्वतः फ्रान्सच्या आघाडीवरून परत आला होता. थॉर्पचा प्रवेश वेगळा. तो मैदानाच्या मध्यरेषेवर उभा राहून चेंडू एकदा या टोकाच्या आणि एकदा त्या टोकाच्या खांबांवरून मारून दाखवी, असं सांगतात.

शिटी वाजली की हेच दमलेले लोक पुन्हा सामन्याला उभे राहत. आता तो चार-सोळाचा आकडा वाचावा. पहिल्या वर्षी तीन विजय, सहा पराभव. दुसऱ्या वर्षी एक विजय, दहा पराभव. अ‍ॅक्रनने ६२–० असं धुतलं, बफेलोने पुढच्या वर्षी ५७–०. थॉर्प बऱ्याचदा उशिरा मैदानात उतरे, वयही अंगावर आलं होतं. प्रशिक्षक म्हणून तो काही मोठा नव्हता, हेही मान्य करायला हवं. स्वतःला जे उपजत येत होतं ते दुसऱ्याला शिकवता येत नाही, असा अनुभव अनेक थोर खेळाडूंच्या बाबतीत येतो.

४ नोव्हेंबर १९२३. शिकागोचं मैदान, आज ज्याला रिग्ली फील्ड म्हणतात ते. पाऊस, चिखल. ऊरँगचा संघ चेंडू घेऊन बेअर्सच्या रेषेच्या अगदी तोंडाशी आलेला, चेंडू थॉर्पच्या हातात. तेवढ्यात त्याला धडक बसली, चेंडू निसटला आणि तो उचलला जॉर्ज हॅलसने. हॅलस बेअर्सचा मालक, प्रशिक्षक आणि खेळाडूही. तो विरुद्ध दिशेला पळत सुटला आणि मागे थॉर्प. हॅलस पुढे सांगत असे, की थॉर्पच्या पावलांचा आवाज जवळ आला की तो एका बाजूला वळे, पुन्हा जवळ आला की दुसऱ्या. असा नागमोडी अठ्ठ्याण्णव यार्ड पळून त्याने रेषा गाठली. हा विक्रम १९७२ पर्यंत टिकला. हॅलसच्या पराक्रमाचा म्हणून हा प्रसंग शेकडो वेळा छापून आला आहे. मला त्यात दुसरंही काही दिसतं. सामना हातातून गेलेला असताना छत्तिशीचा एक दमलेला माणूस, ज्याला कुत्र्यांच्या मालकाकडून पगार मिळतो, चिखलातून जवळजवळ अख्खं मैदान हॅलसच्या मागे धावला.

मैदानाबाहेरचे किस्से पुष्कळ आहेत. ट्रॅम भलत्याच दिशेला चालली आहे हे कळल्यावर खेळाडूंनी ती उचलून उलटी फिरवली म्हणे. अशा गोष्टींत सांगणाऱ्याने मीठमसाला किती घातला ते ठरवणं कठीण, म्हणून पुढच्या प्रकरणांत मी त्या ‘म्हणे’सकटच दिल्या आहेत. मात्र एक गोष्ट खुद्द खेळाडूंनीच नंतर बोलून दाखवली: लोक आपल्याला रानटी समजतात, मग दंगा केला तरी चालून जातो. शिकलेली, गोऱ्यांच्या शाळांतून बाहेर पडलेली ही माणसं लोकांच्या त्या समजुतीचा मजेत फायदा उठवत होती. पिसांचा मुकुट हा त्यांच्या दृष्टीने कामाचा पोशाख होता. म्हणून त्यांना केवळ पिळवणुकीचे बळी ठरवणारी अलीकडची मांडणी मला अपुरी वाटते, आणि त्यांना विदूषक ठरवणारी जुनी मांडणी तर त्याहूनही.

लिंगोचं काय? तो लबाड नव्हता. मूलनिवासींविषयी त्याला मनापासून आदर होता; त्यांचं आणि जनावरांचं काही गूढ नातं असतं, अशी त्याची श्रद्धाच होती. पण या आदराची सोयही फार होती. ज्यांच्याकडे रानाची उपजत विद्या आहे असं मानलं, त्यांनी कुत्री सांभाळणं मग ओघानेच आलं. एकदा आसपासच्या शेतकऱ्यांनी तक्रार केली, की लिंगोची कुत्री मेंढ्या मारतात. तेव्हा थॉर्प त्याच्या मदतीला धावला आणि एका एअरडेलने उधळलेल्या बैलापासून लहान मुलीला कसं वाचवलं, याची गोष्ट त्याने सांगितली. जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ज्याचा सत्कार झाला होता, त्याच्या कामात कुत्र्यांची वकिलीही बसत होती.

दुसऱ्या हंगामात नवलाई ओसरली. ज्या शहराने एकदा अस्वल पाहिलं त्याला ते पुन्हा पाहायचं नव्हतं, आणि निव्वळ फुटबॉल पाहायचा तर त्याहून चांगले संघ होते. अखेरच्या टप्प्यात लुईव्हिलविरुद्ध १९–० असा त्या वर्षातला एकमेव विजय मिळाला. हंगाम संपल्यावर लिंगोने पैसे घालणं थांबवलं आणि संघ मिटला. कुत्री त्यानंतरही काही वर्षं खपत राहिली. १९२९ च्या मंदीने तो धंदाही बसवला. थॉर्प रॉक आयलंडला गेला, मग इकडेतिकडे खेळत १९२८ मध्ये थांबला. गायन १९२७ मध्ये विजेत्या न्यूयॉर्क जायंट्समध्ये होता. थॉर्प १९६३ मध्ये आणि गायन १९६६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या मानाच्या यादीत, कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, दाखल झाले. ज्या संघाची चेष्टा होते त्याच्यात असे दोघे होते, हे फारसं कोणी सांगत नाही. आणि एक तारीख इथेच नोंदवून ठेवतो: सगळ्या मूलनिवासींना अमेरिकेचं नागरिकत्व देणारा कायदा झाला २ जून १९२४ रोजी, संघ बंद पडून काही महिने उलटल्यावर.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. पहिलं प्रकरण लारूत घडत नाही, कार्लाईलमध्ये घडतं, आणि लिंगो तिसऱ्या प्रकरणापर्यंत येत नाही. हा क्रम काहींना उलटा वाटेल, कारण संघाचा पैसा, नाव आणि कुत्री सगळं लिंगोचं. पण माणसं आधीपासून एकत्र होती. प्रत्येक सामन्याच्या हकिगतीत मध्यंतराला वेगळी जागा दिली आहे, आणि त्यात कोण नाचलं, कोणी कुत्री सोडली हे जिथे मिळालं तिथे नावानिशी लिहिलं आहे. खेळाडूंची जाहिरातीतली नावं पहिल्या उल्लेखात एकदाच येतात. त्यानंतर निक लॅसॉ हा निक लॅसॉच आहे.